किरकोळ

दसरा आठ दिवसांवर. आवारात
उन्हाळाभर निजलेले चोवीस रेचे,
आणि शेठचा पोरगा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून म्हणतो,
मुनीमजी, एका कागदावर मांडा :
लटारी टेकाम कायम ठेवला तर किती पडतो,
बंडू निकोडेची माणसं ठेक्यानं घेतली तर किती.

मी मधोमध रेघ मारली.

डावीकडे लटारी.
पगार अठरा हजार. त्यावर फंड, त्यावर विमा,
दिवाळीचा बोनस, ग्रॅच्युइटीची तरतूद.
होळी ते दसरा जिन बंद, पगार चालू.
तेव्हा तो काय करतो?
रोलरचं चामडं तासतो, सुऱ्यांना धार लावतो,
निंबाखाली झोपतो.
(झोपेला रकाना नाही.
मी ती देखभाल-दुरुस्तीत घातली.)

मग निघाली जुनी पानं :
पोरीच्या लग्नाला उचल चाळीस हजार, फिटली बावीस.
बायकोचं सेवाग्रामचं ऑपरेशन, शेठची गाडी, डिझेल.
भाचा हमालीत लावला,
तो सरकीच्या पोत्यासकट फाटकावर सापडला.
पोलिसात दिला नाही. ते पोतं मी माझ्या हातानं
किरकोळ खर्चात टाकलं.
आणि वर्षातून दोनदा लटारी रुसतो.
त्या दिवशी जिन चालतं,
पण सगळे हळू बोलतात.
याचे किती लावू?

उजवीकडे बंडू.
एक बिल, अठरा टक्के कर, खाली शिक्का.
माणूस आजारी पडला तर तो दुसरा पाठवतो,
त्याचं नावही विचारायला नको.
किती सुटसुटीत रकाना.
पाहून बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

मागच्या मोसमात त्यानं तिघं आणले होते.
त्यातल्या एकानं चौदा नंबरचा रोलर असा आवळला
की सरकी फुटून रुईत गेली,
गाठी परत आल्या. आपण म्हटलं, यंदा कापूसच हलका.
पोरगा हुशार होता. लटारीच्या शिव्या खात शिकला,
हात बसला तोवर फेब्रुवारी संपला.
यंदा तो करंजीच्या जिनवर आहे.
ही शिकवणी कोणाच्या नावे?

आणि ती जानेवारीतली रात्र.
रुई आतून जळते, शेठ. वरून पांढरी, थंड,
हात ठेवला तरी कळत नाही.
ठेक्याची पोरं आठला सुटली.
करारात आठच लिहिलं होतं, त्यांचं काही चुकलं नाही.
लटारी जेवून परत आला,
पानाचा डबा विसरला म्हणून.
ढिगाजवळ थांबला. नाक वर केलं.
"मुनीमजी, कुठंतरी चिंधी जळून राहिली."
मी म्हटलं, तुले भास होते.
पहाटेपर्यंत आम्ही ढीग उकलला.
मधोमध नारळाएवढा काळा गोळा, धुमसत.
डबा काही सापडला नाही.
दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं :
पानाचा डबा एक, रुपये पंचाहत्तर, किरकोळ.

कागद दिला. पोरानं दोन्ही बेरजा पाहिल्या,
डावीवर बोट ठेवलं.
"मुनीमजी, हे किरकोळ एवढं कसं?"
बाबू, म्हटलं, जुनं आहे,
सांगत बसलो तर चहा निवेल.

तो हसला. वाईट नाही पोरगा.
उठता उठता म्हणाला,
"असाच एक कागद तुमचाही करून ठेवा. घाई नाही."

बाहेर लटारी सात नंबरच्या रेच्याला तेल देत होता
आणि कोणाला तरी शिव्या.
मी नवा कागद घेतला.
डावीकडे लिहिलं, गुणवंत ढोबळे,
आणि पगाराची ओळ सोडून
आधी किरकोळ भरायला घेतलं.